माझी नवी पायपेटी

कोणत्या गोष्टीस दोष म्हणावें आणि कोणत्या गोष्टीस गुण म्हणावें, हें ठरविणें वाटतें तितकें सोपें नाहीं. दूध आंबलें तर तें नासलें असें म्हणून आपण ओतून देतों. परंतु तोच आंबटपणा योग्य वेळीं व योग्य मापानें विरजण घालून आणला, म्हणजे त्याचें दहीं होतें आणि तें पाहुण्यांच्या पानांत अगत्यानें वाढलें जातें. ध्वनीच्या बाबतींतही असेंच आहे, हें मला गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत समजून आलें. त्या सुटींत मीं घरीं एक लहानसें यंत्र तयार केलें. विजेच्या गिटारीचा स्वर मुद्दाम, पण मापानें, बिघडविणें एवढेंच त्या यंत्राचें काम. इंग्रजींत त्यास ‘ओव्हरड्राइव्ह पेडल’ असें नांव आहे. तें कसें तयार झालें, त्याच्या पोटांत काय चालतें आणि तें करतांना आमच्या घरांत काय घडलें, याची हकीकत वार्षिकाच्या वाचकांपुढें ठेवावी अशी इच्छा आहे.

विजेची गिटार ज्यांनीं पाहिली नसेल, त्यांच्यासाठीं प्रथम थोडेंसें सांगतों. साध्या गिटारीस पोकळ पोट असतें व त्या पोटांत तारेचा नाद घुमतो. विजेच्या गिटारीचें अंग बहुधा भरीव लांकडाचें असतें. तिच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक असून त्यांच्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. तार छेडली कीं चुंबकाच्या क्षेत्रांत चलबिचल होते आणि वेढ्यांत विजेची अगदीं क्षीण लाट उत्पन्न होते; तिचा जोर एका व्होल्टच्या दशांशाच्या आसपास. ही लाट ध्वनिवर्धकांत जाऊन मोठी होते आणि कर्ण्यांतून आपल्या कानीं पडते. माझ्या मामेभावानें नोकरीसाठीं परगांवीं जातांना आपली अशी एक गिटार व एक लहानसा ध्वनिवर्धक मला दिला होता. त्यांतून निघणारा स्वर नुकत्याच घासलेल्या तांब्याप्रमाणें लख्ख होता. परंतु ज्या वादकांचीं ध्वनिमुद्रणें मी ऐकत असें, त्यांच्या गिटारीचा स्वर निराळा असे. तो भरदार, किंचित् खरखरीत, भजन रंगांत आलेल्या बुवांच्या गळ्यासारखा असे; आणि तार छेडून झाल्यावरही बराच वेळ टिके. हाच ओव्हरड्राइव्हचा स्वर. तयार पेडल बाजारांत मिळतें, पण चांगल्या पेडलास कित्येक हजार रुपये पडतात. तेव्हां तें आपण स्वतःच करावें असा मीं निश्चय केला.

आमच्या घरीं या विद्येचे जाणकार एकच, आणि ते म्हणजे माझे आजोबा. वयाच्या सतराव्या वर्षीं ते येथें मिरजेंतच एका रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानांत उमेदवारीस लागले व पुढें त्यांनीं स्वतःचें दुकान काढलें. तो काळ व्हॉल्व्हच्या रेडिओचा होता. नंतर ट्रान्झिस्टर आले, टेपरेकॉर्डर आले, आणि शेवटीं असे दिवस आले कीं बिघडलेली वस्तु दुरुस्त करण्यापेक्षां नवी विकत घेणेंच लोकांस स्वस्त वाटूं लागलें. आजोबांनीं दुकान बंद केलें. त्यांचीं हत्यारें जुन्या धोतरांत गुंडाळून एका लोखंडी ट्रंकेंत ठेविलेलीं होतीं. ती ट्रंक उघडलेली मीं जन्मांत पाहिली नव्हती. अलीकडे त्यांचा उजवा हात थरथरतो. चहाचा पेलाही ते दोन्ही हातांनीं धरतात. त्यांच्यापाशीं असलेल्या विद्येची आतां कोणास गरज आहे असें घरांत कोणाच्या मनांत येत नसे, आणि बहुधा त्यांच्याही मनांत येत नसावें.

मीं माझा बेत त्यांच्या कानांवर घातला, तेव्हां ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “अरे, लोक माझ्याकडे रेडिओ घेऊन येत, ते आवाज फाटतो म्हणून. तो फाटूं नये यासाठीं मीं चाळीस वर्षें डोळे फोडले. आणि तूं तोच फाटका आवाज पैसे खर्चून घरांत आणणार?”

त्यांच्या स्वरांत राग नव्हता. असता तर बरें झालें असतें. एखाद्या माणसानें आयुष्यभर अंगण झाडावें आणि नातवानें त्याच्यादेखत तेथें केर आणून टाकण्याची परवानगी मागावी, तसें तें मला वाटलें. मी गप्प राहिलों. उत्तर दिलें तें आजीनें. आजी गाते आणि तिच्यापाशीं मिरजेंतच घडविलेला एक जुना तंबोरा आहे. ती म्हणाली, “तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा दोरा सरकवून मी तरी काय करतें? तारेला मोकळी वाजूं देत नाहीं. घोडीला घासायला लावतें. तुमच्या रेडिओच्या भाषेंत तेंही फाटणेंच कीं!”

मिरजेच्या मुलांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं, इतरांसाठीं सांगतों. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट नसून किंचित् उतरती व गोलसर असते. तार तिच्यावर नुसती टेंकत नाहीं, तर कंप पावतांना तिला हळूच स्पर्श करीत राहते. या स्पर्शामुळें मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे सूक्ष्म स्वर झणकारूं लागतात. यासच जवारी म्हणतात. तारेखालीं सुताचा दोरा पुढेंमागें सरकवून ती जुळवितात. दोरा केसभर चुकला तर झणकार तरी मरतो, नाहींतर कर्कश तरी होतो. एकोणिसाव्या शतकांत शस्त्रें उजळणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब सतारमेकर यांनीं मिरजेंत हीं वाद्यें घडविण्यास आरंभ केला. पंढरपूरकडील भोपळे आणून आजही आमच्या सतारमेकर गल्लींत तंबोरे घडतात, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें आहे.

आजीचें बोलणें ऐकून आजोबा थोडे विचारांत पडले. पण ते सहज हार मानणारे नव्हेत. ते म्हणाले, “जवारी लावणाराला दोरा कोठें थांबवायचा तें कळतें. आवाज बिघडवायला अक्कल लागत नाहीं. तो किती बिघडवायचा हें ठरवायला लागते. तें शिकायची तुझी तयारी असेल, तर मी बसतों तुझ्याजवळ.” त्याच दुपारीं ट्रंक उघडली गेली.

आजोबांच्या प्रश्नाचें उत्तर आपणही शोधावें म्हणून मीं या स्वराचा इतिहास वाचून काढला, आणि तो फार मनोरंजक निघाला. अमेरिकेंतील मेम्फिस शहरीं १९५१ सालीं सॅम फिलिप्स यांच्या ध्वनिमुद्रणगृहांत ‘रॉकेट ८८’ हें गाणें मुद्रित झालें. वादकांचा ध्वनिवर्धक प्रवासांत जायबंदी झालेला होता. फिलिप्स यांनीं त्याच्या कर्ण्यांत कागद कोंबून काम भागविलें. गिटारीचा आवाज फाटका निघाला, आणि लोकांस तोच आवडला. पुढें नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स यांच्या एका गीताचें मुद्रण चालूं असतां ध्वनिनियंत्रणाच्या यंत्रांत बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या वाद्याचा स्वर भुंग्यासारखा गुणगुणूं लागला. तेथील अभियंते ग्लेन स्नॉडी यांनीं हा बिघाड विसरून जाण्याऐवजीं त्याचा अभ्यास केला आणि तसाच स्वर हुकमी काढणारें मंडल रचलें. त्यावरूनच १९६२ सालीं मेस्ट्रो ‘फझ-टोन’ ही पायानें दाबावयाची पेटी बाजारांत आली. इंग्लंडांत तर १९६४ सालीं डेव्ह डेव्हिस या तरुणानें ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याचा कागद पात्यानें चिरून तसला स्वर काढला. म्हणजे प्रथम अपघात, मग अपघाताचें अनुकरण, आणि शेवटीं अपघातास लगाम, अशा तीन पायऱ्यांनीं हा स्वर वर आला आहे. आजोबांस हें वाचून दाखविलें तेव्हां कर्णा चिरण्याची गोष्ट त्यांस मुळींच रुचली नाहीं. पण स्नॉडी यांचें नांव त्यांनीं मला दोनदां उच्चारावयास लाविलें.

आतां त्या पेटीच्या पोटांत काय चालतें तें पाहूं. शुद्ध स्वराची लाट कागदावर काढली तर ती गोलसर डोंगरदऱ्यांसारखी दिसते. ध्वनिवर्धक ती लाट मोठी करतो. परंतु प्रत्येक ध्वनिवर्धकाच्या शक्तीस एक छत असतें व एक जमीन असते. लाट त्यांच्यापलीकडे जाऊं लागली कीं तिचीं शिखरें वरून सपाट होतात आणि दऱ्या खालून भरून येतात. आपण तिला आवाज फाटणें म्हणतों ती क्रिया हीच. मौजेची गोष्ट अशी कीं, लाट कापली गेल्यानें स्वर कमी न होतां वाढतात. शिखरें व दऱ्या सारख्याच कापल्या गेल्या, तर मूळ कंपनांच्या तिप्पट, पांचपट, सातपट कंपनें असलेले स्वर त्यांत नव्यानें मिसळतात. कमीअधिक कापल्या गेल्या, तर दुप्पट व चौपट कंपनांचेही मिसळतात. गिटारीची पांचवी तार सेकंदास ११० कंपनें करते. तिला षड्ज मानलें तर ३३० कंपनें म्हणजे वरच्या सप्तकांतील पंचम, आणि ५५० कंपनें म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकांतील गंधार! स्वर अधिक वेळ कां टिकतो याचेंही कारण यांतच आहे. तारेचा जोर हळूहळू कमी होत असला, तरी लाट छतापर्यंत पोहोंचते तोंवर बाहेर पडणारा आवाज जवळजवळ सारखाच राहतो.

ओव्हरड्राइव्हच्या पेटींत हें छत मुद्दाम ठेंगणें केलेलें असतें. त्यासाठीं डायोड नांवाचे दोन लहान भाग वापरतात. डायोड हा एका दिशेनेंच वाट देणारा दारवान आहे. आणि तोही सुमारें ०.६ व्होल्टचा जोर लागल्यावांचून दार उघडीत नाहीं. असे दोन दारवान परस्परांकडे पाठ करून बसविले, म्हणजे लाटेचें शिखर एकाकडून व दरी दुसऱ्याकडून आंवरली जाते. त्यांस कोठें बसवावयाचें, यांत खरी खुबी आहे. आयसीच्या मुखांतून बाहेर पडलेल्या लाटेचा कांहीं अंश उलट करून पुन्हां आंत देण्याची एक युक्ति आहे. अमेरिकेंतील हॅरल्ड ब्लॅक या अभियंत्यास ती १९२७ सालीं हडसन नदींतून होडीनें कामावर जातांना सुचली व त्यानें ती हातांतील वर्तमानपत्राच्या पानावरच लिहून काढली. टेलिफोनचा आवाज फाटूं नये हा तिचा हेतु होता. आजोबांच्या रेडिओंतही हीच युक्ति त्याच कामासाठीं असे. जपानांत १९७७ सालीं बॉस कंपनीनें काढलेल्या ओडी-१ या पेटींत आणि १९७९ सालीं आयबनेझच्या नांवानें निघालेल्या, सुसुमु तामुरा यांनीं रचलेल्या ‘ट्यूब स्क्रीमर’ या पेटींत डायोड नेमके या परतीच्या वाटेवर बसविले आहेत. त्यामुळें लाट कुऱ्हाडीनें तोडल्यासारखी न कापली जातां कानशीनें घासल्यासारखी गोल होते. ज्या वाटेनें दोष बाहेर घालवीत असत, त्याच वाटेनें तो मोजून आंत घेतलेला पाहून आजोबा म्हणाले, “वाहवा! हा माणूस रेडिओ जाणणारा दिसतो.” त्या दिवसापासून हें काम त्यांचेंही झालें.

मंडलाची आकृति आम्हीं या दुसऱ्या पेटीच्या धर्तीवर, पण थोडी सोपी करून, वहींत काढली. सामान आणण्यासाठीं मी वडिलांबरोबर पुण्यास गेलों. बुधवार पेठेंत पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपास व तपकीर गल्लींत विजेच्या सुट्या भागांचीं दुकानें आहेत. तेथें रोधक, कंडेन्सर, डायोड, आयसी, आयसीसाठीं आठ छिद्रांची बैठक, फिरविण्याच्या तीन खुंट्या, पायानें दाबावयाची नऊ टोंकांची एक कळ, तारा जोडण्याचीं दोन सॉकेटें आणि छिद्रें पाडलेली एक पट्टी, इतकें सामान मिळालें. सर्वांस मिळून पांचशें रुपयेही पडले नाहींत. डबा मात्र आजोबांनीं ट्रंकेंतून काढून दिला. तो जाड ॲल्युमिनियमचा असून त्यांत पूर्वीं ते बारीक स्क्रू ठेवीत. डबा धातूचाच हवा. कारण घरांतील विजेच्या तारांमुळें होणारी सेकंदास ५० कंपनांची घरघर धातूचें कवच आंत येऊं देत नाहीं.

आजोबांचा हात थरथरत असल्यामुळें डाख देण्याचें काम माझ्याकडे आलें. ते शेजारीं बसून पेन्सिलीनें जागा दाखवीत. त्यांचे नियम थोडे पण कडक होते. तार व पट्टी दोन्ही आधीं तापवावीं. कथील डाखणीवर न लावतां तापलेल्या जोडास लावावें, म्हणजे तें आपोआप पाण्यासारखें पसरतें. जोड थंड होईपर्यंत हात हालवूं नये. चांगला जोड चकचकीत दिसतो. मळकट गोळी दिसली तर ती पुन्हां करावी. आयसीस स्वतःस कधीं डाखूं नये, बैठक डाखावी आणि आयसी मागाहून तींत बसवावी, “व्हॉल्व्ह कोणी डाखीत असत काय?” असें ते विचारीत. आणखी एक संवय त्यांची मला मोठी चमत्कारिक वाटली. मोजमाप करतांना ते मला डावा हात खिशांत घालावयास लावीत. व्हॉल्व्हच्या रेडिओंत अडीचशें व्होल्टपर्यंत दाब असे. दोन्ही हात यंत्रांत असले तर धक्का छातींतून जातो, आणि एक खिशांत असला तर माणूस वांचतो. आमची बॅटरी अवघी ९ व्होल्टची होती. तरी मीं हात खिशांत घातला, आणि आतां ती संवय माझीही झाली आहे.

ज्यांस आंकड्यांची आवड आहे त्यांच्यासाठीं थोडे आंकडे देतों. दहा हजार ओहमचे दोन सारखे रोधक बॅटरीचा दाब अर्ध्यावर, म्हणजे ४.५ व्होल्टवर आणतात. लाट या मध्यरेषेच्या वरखालीं खेळते. परतीच्या वाटेवर ५१ हजार ओहमचा एक रोधक व त्याच्यापुढें ५ लाख ओहमपर्यंत फिरणारी खुंटी आहे. जमिनीकडे जाणाऱ्या वाटेवर ४.७ हजार ओहमचा रोधक आहे. खुंटी पूर्ण मागें असली तर लाट सुमारें १२ पट वाढते, पूर्ण पुढें असली तर सुमारें ११८ पट. जमिनीकडील वाटेवर ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सरही आहे. त्याच्यामुळें सेकंदास ७२० कंपनांच्या खालचे स्वर क्रमाक्रमानें कमी वाढतात, आणि खर्जाचा चिखल होत नाहीं. दुसरी खुंटी स्वराचा तीक्ष्णपणा व तिसरी आवाजाची उंची ठरविते.

आठव्या दिवशीं काम पुरें झालें. बॅटरी जोडली, गिटार जोडली, कळ दाबली, आणि कर्ण्यांतून कांहींच निघालें नाहीं. माझा हात लगेच पट्टीकडे गेला. पण आजोबांनीं पेन्सिल आडवी धरली. “आधीं पाहा, मग मोज, मग हात लाव,” ते म्हणाले. भिंगाखालीं एकेक जोड पाहिला. सारे चकचकीत होते. मग मोजावयास लागलों. आयसीच्या आठव्या पायावर ९ व्होल्ट, चौथ्यावर शून्य, दोन रोधकांच्या मध्यें ४.५, येथवर सर्व ठीक. परंतु पहिल्या पायावर, जेथून लाट बाहेर पडावयाची, तेथें ४.५ च्या ऐवजीं ८ च्याही वर कांटा गेला. दुसऱ्या पायावरही तितकेंच. आजोबांनीं डोळे मिटले आणि बोलत बोलत विचार केला. “या आयसीला दोन कान आहेत, एक सुलटा आणि एक उलटा. उलट्या कानावर दाब वाढला कीं तोंडानें खालीं यायलाच पाहिजे. येथें उलटा कान वर आहे आणि तोंडही वरच आहे. म्हणजे तुझे जोड बरोबर आहेत. डोकेंच फिरलेलें आहे.” आयसी नवी कोरी होती. त्याच दुकानांतून घेतलेली दुसरी बसवून पाहिली. तिचीही तीच अवस्था. वर आंकडा एक छापलेला आणि आंत माल भलताच, असा तो प्रकार होता.

पुण्यास पुन्हां जाण्याचें कारण पडलें नाहीं. आजोबा उठले, ट्रंकेशीं गेले आणि तळांतून बंद पडलेल्या एका टेपरेकॉर्डरची पट्टी घेऊन आले. तिच्यावर ४५५८ हा आंकडा असलेली आयसी होती. १९७९ च्या त्या जपानी पेटींतील जातीचीच. “फेंकून द्यायची नाहीं म्हणून ठेवली होती,” एवढेंच ते बोलले. मीं ती जपून सोडविली व बैठकींत बसविली. पहिल्या पायावर कांटा ४.५ वर येऊन स्थिर झाला. आजोबांनीं तो आंकडा पाहिला, आणि अजून एकही सूर निघाला नसतांना म्हणाले, “आतां वाजेल.”

आणि तें वाजलें. प्रथम खुंटी मागें ठेवून मीं पांचवी तार छेडली. स्वर नुसता मोठा झाला नव्हता. त्यास जणुं अंग आलें होतें. खुंटी पुढें नेली तसा त्यांत खरखरीतपणा चढत गेला आणि शेवटीं तो भुंग्याच्या पोळ्यासारखा झाला. आजोबांनीं हातानें थांबण्याची खूण केली व स्वतःच्या थरथरत्या बोटांनीं खुंटी मागें आणूं लागले. फार हळू, थोडी मागें, पुन्हां किंचित् पुढें. एका जागीं ते थांबले. आजी स्वयंपाकघराच्या दारांत उभी होती. ती म्हणाली, “गंधार ऐकूं येतोय.” पुस्तकांत वाचलेला ५५० चा आंकडा मीं तोपर्यंत कोणासही सांगितला नव्हता! तंबोरा चांगला लागला म्हणजे खर्जाच्या तारेंतून न छेडलेला गंधार उमटतो, त्यास गायक स्वयंभू गंधार म्हणतात, हें ती नेहमीं सांगत असे. तो आतां एका ॲल्युमिनियमच्या डब्यांतून येत होता. आजोबा कांहीं बोलले नाहींत. पण त्यांनीं पेन्सिलीनें खुंटीशेजारीं, ती जेथें थांबली होती तेथें, एक बारीक रेघ ओढली. ती अजून तेथेंच आहे.

पुढें मी हेंही शिकलों कीं या पेटीस सर्व स्वरसंगति मानवत नाहींत. षड्ज-पंचम एकत्र छेडले तर ते एकजीव होऊन गंभीर वाजतात. कारण ११० व १६५ कंपनांच्या मिश्रणांतून त्यांच्या वजाबाकीचा, ५५ कंपनांचा स्वरही उमटतो, आणि तो खालचा षड्जच असतो. पण चारपांच निरनिराळे स्वर एकदम छेडले, तर अशा वजाबाक्यांची व बेरजांची इतकी गर्दी होते कीं कशास कांहीं मेळ राहत नाहीं. म्हणूनच या स्वराचे वादक पुष्कळदां दोनच स्वरांवर भर देतात.

एक अडचण उरली होती. ही पेटी वाजवितांना तिच्यावर पाय ठेवावा लागतो. आणि आमच्या घरीं वाद्यास पाय लागला तर नमस्कार करण्याची रीत आहे. मीं तें आजीस विचारलें. ती हंसून म्हणाली, “संगीत नाटकांत पायपेटी असायची, तिचा भाता पायानेंच हालवीत. तेव्हां कोणाला पाप लागलें नाहीं. पायानें वाजवायचें तें पायानें वाजवावें. बसतांना मात्र आधीं हात लावून नमस्कार करावा.” तेव्हांपासून आमच्या घरांत या यंत्रास पेडल असें कोणी म्हणत नाहीं. तें पायपेटीच झालें आहे.

माझ्या विद्यार्थीबंधुभगिनींपैकीं कोणास असें कांहीं करावेंसें वाटलें, तर त्यांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, आरंभीं बॅटरीवर चालणारींच यंत्रें करावीं. भिंतींतील विजेशीं जाणत्या माणसावांचून खेळूं नये. दुसरी, डाख देतांना खिडक्या उघड्या ठेवाव्या, धूर नाकांत घेऊं नये, आणि कथिलांत शिसें असल्यास काम संपतांच हात साबणानें धुवावे. तिसरी, आवाजाची खुंटी नेहमीं मागें ठेवून आरंभ करावा. गेलेलें पेडल पुन्हां करतां येतें, गेलेली श्रवणशक्ति पुन्हां येत नाहीं. पालकांसही एक नम्र विनंति आहे. मुलाच्या खोलींतून येणारा आवाज आपणांस कर्कश वाटला, तर तो बंद करावयास सांगण्यापूर्वीं एकवार आंत जाऊन खुंटीस हात लावून पाहावा. कदाचित् ती थोडी मागें आणणेंच पुरेसें असेल.

हल्लीं रविवारीं सकाळीं माझे दोन वर्गमित्र आमच्याकडे येतात. एकास रेडिओ करावयाचा आहे, दुसऱ्यास पायपेटीच. ट्रंक आतां पलंगाखालीं नसते; ती खिडकीपाशीं असते आणि तिच्या झांकणास कुलूप नसतें. आजोबा पेन्सिल घेऊन मध्यें बसतात आणि आम्ही तिघेही डावा हात खिशांत घालून मोजमापें घेतों. परवां त्यांनीं एका मित्रास सांगितलें, तेंच लिहून हा लेख पुरा करतों: “यंत्र अडलें म्हणजे घाबरूं नकोस. तें खोटें बोलत नाहीं. त्याला कोठें दुखतें तें तें सांगत असतें. आपण मात्र एका टोंकापासून क्रमानें विचारीत जायला पाहिजे.”